स्टेशन रोडचा चार नंबरचा कॅमेरा

मी नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात लिपिक होते. कुठल्या नगरपालिकेत, ते लिहीत नाही. कल्याणच्या पुढे रेल्वेलाइनीला धरून ज्या वस्त्या आहेत, त्यांतली एक, एवढं पुरे. खात्याच्या दारावर ‘विद्युत विभाग’ अशी पाटी होती, पण रस्त्यावरचा दिवा गेला की तक्रार घेऊन येणारा माणूस ‘दिवाबत्तीवाले कुठे बसतात’ असंच विचारत यायचा. आम्हीही एकमेकांत तेच म्हणायचो.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आमच्या गावात चार कॅमेरे बसले. बाजारात सणासुदीच्या दिवसांत बायकांच्या गळ्यातलं खेचून पळण्याचे प्रकार वाढले होते, त्यावरून सभेत गोंधळ झाला आणि कॅमेऱ्यांचा ठराव मंजूर झाला. दोन मुख्य चौकात, एक भाजी मार्केटच्या तोंडाशी आणि चौथा स्टेशन रोडला, स्टेशनच्या पुलावर चढणाऱ्या जिन्याच्या समोरच्या खांबावर. खरेदी नगरपालिकेची, पडदा मात्र पोलीस ठाण्यात. उद्घाटनाला नारळ फुटला. लोक खांबाखाली उभे राहून वर बघत होते, काही जण केस सारखे करत होते. मीही बघितलं होतं. वर एक पांढरी पेटी होती, बस.

दोनेक वर्षांत त्या पेट्यांच्या काचांवर धूळ आणि तेलकट काजळी साचली. हमी संपली. ज्याने बसवले तो ठेकेदार फोन उचलेनासा झाला. मग गटाराच्या कामात कुणीतरी स्टेशन रोडची केबल तोडली आणि चार नंबरचा कॅमेरा पूर्ण बंद पडला. पोलीस ठाण्याचं पत्र आलं. चित्र अस्पष्ट येतं, चेहरे ओळखू येत नाहीत, एक कॅमेरा बंद आहे, तरी यंत्रणा अद्ययावत करून मिळावी.

आमचे साहेब तेव्हा निवृत्तीला आलेले होते. माणूस वाईट नव्हता. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मला न मागता रजा दिली होती. पण बजेटमध्ये कॅमेऱ्यांसाठी तरतूद नव्हती आणि ती मागायची म्हणजे वर जाऊन बोलणी खायची. ते मला म्हणाले, पडदा त्यांच्याकडे आहे, बघतात ते, म्हणजे सांभाळायचंही त्यांनीच; तसं लिहा. मी लिहिलं. ‘सदर कॅमेरे हे कायदा व सुव्यवस्थेच्या कामी पोलीस ठाण्याच्या प्रत्यक्ष वापरात असल्याने त्यांची देखभाल, दुरुस्ती व अद्ययावतीकरण ही बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ साहेबांनी वाचून मान हलवली आणि सही केली. खाली डाव्या कोपऱ्यात, मसुदा तयार करणाऱ्याने करायची असते तशी, माझी छोटी सही होती.

ठाण्याचं उत्तर आलं, की मालमत्ता नगरपालिकेची आहे, नोंदही तुमच्याकडेच आहे. आम्ही पुन्हा कळवलं. त्यांनी पुन्हा कळवलं. असं आठ महिने चाललं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझा मसुदा नेटका असतो असं साहेब चारचौघांत म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

घरात आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. माझं लग्न होऊन मोडलं होतं, त्याबद्दल इथे काही सांगण्यासारखं नाही. बाबा रंगाच्या कारखान्यात पाळीने काम करून निवृत्त झालेले. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा हिशेब, चाव्या, पौर्णिमेची वंदना, सगळं पूर्वी तेच बघायचे. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांना विसर पडायला लागला. आधी चाव्या कुठे ठेवल्या ते विसरायचे. मग दार कुठलं ते. पुढे पुढे आईला ते ‘बाई’ म्हणून हाक मारायला लागले, अगदी अदबीने, शेजारच्या घरात पाणी मागावं तसे. सकाळी नऊ वाजले की त्यांची घालमेल सुरू व्हायची. पाळी आहे, उशीर होतोय, म्हणायचे. आई त्यांना चहा द्यायची आणि सांगायची, आज सुट्टी आहे. ते ‘बरं’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आईने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवलेली असायची.

डिसेंबरातला मंगळवार होता. पाणी उशिरा आलं आणि आई मागे पिंप भरत होती. दहाच्या सुमारास ती पुढच्या खोलीत आली तर दार उघडं आणि बाबा नाहीत. चिठ्ठीचा सदरा दोरीवर वाळत होता. तिने वस्तीत दोन चकरा मारल्या, विहारात बघितलं, मग दुकानावरून मला ऑफिसात फोन केला.

“बाबा तिकडे आलेत का गं?”

मी नाही म्हटलं आणि निघाले. तोपर्यंत ते दोनदा असे गेले होते आणि दोन्ही वेळा तासाभरात सापडले होते, एकदा दूधवाल्याकडे बसलेले, एकदा जुन्या कारखान्याच्या फाटकाशी. म्हणून मी आधी कारखान्यावर गेले. तिथे आता गोदाम होतं. रखवालदार म्हणाला, आज कुणी आलं नाही. दुपारी दोनपर्यंत आम्ही गाव पालथं घातलं आणि मग मी पोलीस ठाण्यात गेले.

तिथल्या हवालदारांनी मला ओळखलं. नगरपालिकेची पत्रं कधी कधी मीच हाती नेऊन द्यायचे. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि हरवल्याची तक्रार लिहून घेतली. अंगावर पांढरा सदरा, खाकी पँट, पायात रबरी चपला, डाव्या भुवईवर जुनी खूण. मग ते म्हणाले, चला, कॅमेऱ्यात बघू.

पडदा आतल्या खोलीत होता. एका पडद्याचे चार भाग केलेले. तीन भागांत राखाडी चित्र हलत होतं, चौथा काळा होता.

“हा कुठला?” मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

“स्टेशन रोडचा, मॅडम.”

एवढंच बोलले. टोमणा नव्हता त्यात. पण टेबलावर फायलींचा गठ्ठा होता, आणि वरच्या फायलीत वरचं पत्र आमचं होतं. मी ते उलट्या बाजूनेही वाचू शकत होते, कारण शब्द माझेच होते. त्यांनी फाइल उचलून बाजूला ठेवली आणि कळफलक पुढे ओढला.

सकाळचं चित्र मागे नेऊन आम्ही बघायला लागलो. चौकातून शेकडो माणसं जात होती आणि एकालाही चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी एक फिकट ठिपका. चालण्यावरून, सामानावरून ओळखायचं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस पानाच्या टपरीपाशी आला, थोडा वेळ थांबला, इकडे तिकडे बघितलं आणि रांगेतल्या शेअर रिक्षात बसला. ती रांग उल्हासनगरला कॅम्प तीन नंबरला जाणाऱ्या रिक्षांची. बाबा पूर्वी कॅम्प तीनला बरेचदा जायचे. त्यांचा कारखान्यातला एक सोबती तिथे जीन्स शिवण्याच्या कारखान्यात लागला होता, त्याच्याकडे ते सुट्टीच्या दिवशी बसायला जात.

हवालदारांनी ते पाच-सहा वेळा दाखवलं. मला सांगता येईना. ते म्हणाले, घरातलं आणखी कुणी बघेल का? मी आईला घेऊन आले. आई आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात आली होती. ती खुर्चीवर न बसता पडद्याच्या अगदी जवळ उभी राहिली, आणि तो माणूस टपरीपाशी थांबला तेव्हा म्हणाली, “हेच. थांबणं त्यांचंच आहे.”

मग मलाही ते बाबाच वाटायला लागले. मी हो म्हटलं. हवालदारांनी तक्रारीत लिहिलं, ‘सदर इसम उल्हासनगर कॅम्प तीनच्या दिशेने गेल्याचे दिसून येते’, आणि तिकडच्या ठाण्यांना फोन लावले.

पुढचे तीन दिवस मी कॅम्प तीनमध्ये होते. आई घरी थांबायची, बाबा परत आलेच तर दार उघडं हवं म्हणून. मी सकाळी रिक्षाने जायचे, बाबांचा फोटो घेऊन. गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुकानात शिरावं. माळ्यावर मशीनी चालायच्या, खाली कापलेल्या कापडाचे गठ्ठे. बाबांचा सोबती कधीच वारला होता. त्याच्या कारखान्याच्या जागी दुसराच कारखाना होता. मी प्रत्येक जिना चढून विचारलं. कारागीर मशीन थांबवून फोटो बघायचे. मुश्किल अशी की पुष्कळ जणांना बाबांना बघितल्यासारखं वाटायचं. एक म्हणाला काल नळापाशी होते. एक म्हणाला, देवळाबाहेर बसले होते, मी त्यांना केळं दिलं. ते खोटं बोलत नव्हते. पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा माणूस रोज कुठे ना कुठे दिसतोच. पण प्रत्येकाच्या सांगण्यावरून मी आणखी एक गल्ली फिरायचे.

कापडाच्या एका दुकानात सिंधी मालक गल्ल्यावर बसलेले असायचे, बाबांच्याच वयाचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी हाक मारून आत बसवलं, पापड आणि पाणी दिलं, फोटो मागून घेतला आणि काउंटरच्या काचेवर स्वतः चिकटवला. म्हणाले, “बेटी, इधर से पूरा मार्केट गुजरता है. आएंगे तो मैं बिठाके रखूंगा.” तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी फोटोच्या खाली त्यांच्या लिपीतही काहीतरी लिहून लावलं होतं. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

त्या तीन दिवसांत मी रडले नाही. रात्री घरी आले की जेवायचे, झोपायचे. झोपही लागायची. सकाळी उठून केस विंचरायचे. माझ्या जागी दुसरीच कुणीतरी फिरतेय आणि मी तिची वाट बघत बसलेय, असं वाटायचं.

शनिवारी सकाळी हवालदार स्वतः घरी आले. टोपी हातात होती. मी दारात गेले. ते म्हणाले, वांगणीच्या बाजूला एक वृद्ध इसम चार दिवस एका शेतकऱ्याकडे होता. वर्णन जुळतंय. काल संध्याकाळी दवाखान्यात नेलं. मी पायात चपला घातल्या. ते म्हणाले, “पहाटे गेले, मॅडम. ओळख पटवायला यावं लागेल.”

आईला मी सांगितलं की बाबा सापडलेत आणि आजारी आहेत. ती डब्यात पेज भरायला लागली. मग माझ्याकडे बघितलं आणि डबा तसाच ओट्यावर ठेवला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर एक नवरा-बायको बसली होती. बाई साठीच्या घरातली, काष्टा नेसलेली, पायाशी टोपली. नवरा सडसडीत, डोक्याला मफलर. आम्ही दिसलो तशी दोघं उभी राहिली. आधी आत जाऊन आम्ही बाबांना बघितलं. तेच होते. भुवईवरची खूण होती. दाढी केलेली होती आणि हातापायांची नखं कापलेली होती. आमच्याकडून महिनाभर ती नखं कापू दिली नव्हती त्यांनी, हात ओढून घ्यायचे. मी बराच वेळ त्या नखांकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर आईने त्या बाईला विचारलं, “तुम्ही कापली नखं?”

“व्हय. आंगोल घातली, मंग कापली. काय बोललं नाय, गप बसून व्हतं,” बाई म्हणाली.

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. ती रोज सकाळी वांगणी स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसायची. मंगळवारी गाडीतून बाबा उतरले आणि तिच्याजवळ येऊन उभे राहिले. तिला विचारलं, पाळी सुटली का. तिला वाटलं, चुकून उतरले असतील, पुढच्या गाडीने जातील. पण गाड्या आल्या आणि गेल्या, ते तिथेच. दुपारी तिने टोपली उचलली तर हे मागोमाग चालत आले. तिने नवऱ्याला सांगितलं. दोघांनी नाव विचारलं, गाव विचारलं, पण त्यांना सांगता येईना. बुधवारी नवरा पोलीस पाटलाकडे जाऊन सांगून आला. पाटलाने पुढे कळवलं. पण आमच्या तक्रारीत दिशा उल्हासनगरची होती, फोन तिकडच्या ठाण्यांना गेले होते, आणि वांगणीकडून आलेली खबर आमच्या ठाण्यात पोहोचायला शनिवार उजाडला. तोपर्यंत बाबा त्यांच्या पडवीत राहिले. भाकरी खायचे, वालाचं कालवण आवडीने खायचे. नवऱ्याबरोबर मळ्यात जाऊन बांधावर बसायचे. त्यांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आमच्या घरात फडताळात होत्या. गुरुवारी त्यांच्या पायांना सूज आली. शुक्रवारी दम लागला.

“मंगळवारी किती वाजता उतरले?” मी विचारलं.

“साडेधाची गाडी,” बाई म्हणाली. “त्या गाडीला मी रोजच आसते, बाय.”

नवरा म्हणाला, बरोबर, साडेदहा, त्या गाडीनंतरच मी तिला चहा नेऊन देतो.

चौकातला माणूस दहा चाळीसला रिक्षात बसला होता. बाबांना तेव्हा वांगणीला उतरून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे तो दुसराच कुणी. बाबा घरातून निघून स्टेशन रोडने सरळ गेले असणार, जिना चढले असणार आणि समोर आली त्या गाडीत बसले असणार. खांबावरचा कॅमेरा त्या जिन्यासमोरच होता.

मी हे आईला तेव्हा सांगितलं नाही. जलदान विधी झाला. वांगणीचं जोडपं आलं, येताना वालाच्या शेंगा आणि नवा तांदूळ घेऊन आलं. लोक जेवून गेले. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, आई भांडी लावत असताना, मी तिला वेळेचा हिशोब सांगितला. आणि पत्राचंही सांगितलं, कुणी लिहिलं ते. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिने हातातलं ताट फळीवर ठेवलं आणि म्हणाली, “हेच, असं मीच म्हटलं होतं ना.”

मी म्हटलं, चित्रच तसं होतं.

“चाळीस वर्षं बघितलं मी त्यांना,” ती म्हणाली.

त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघी बोललो नाही. मी माझं धरून बसले, ती तिचं.

मी कामावर रुजू झाले. पंधरवड्याने एक नगरसेविका माझ्या टेबलाशी आल्या. आमच्याच वॉर्डाच्या. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं होतं, त्या मातीला आल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांचा विषय आणते. तुम्ही मुलगी म्हणून अर्ज द्या, अर्ज असला की कुणाला टाळता येणार नाही. मी एका कागदावर अर्ज लिहिला. तो आवक विभागात दिला, त्यावर शिक्का पडला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुढील कार्यवाहीसाठी माझ्याच टेबलावर आला. मी तो फाइलमध्ये लावून टिपणी लिहायला घेतली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. ते अवघडलेले होते. म्हणाले, फाइल सभेपुढे जाणार, सगळे उघडून बघणार. मागचा पत्रव्यवहार एवढा लावायची गरज आहे का? अर्ज आणि नवीन प्रस्ताव एवढंच पुरेल. “तुमचीही सही आहे त्यावर,” ते म्हणाले. “मी तुमच्यासाठीच सांगतोय.”

ते खरंच माझ्यासाठीही सांगत होते. आणि स्वतःसाठीही; दोन्ही खरं होतं.

मी जागेवर आले. फाइलमध्ये ठाण्याची पत्रं आणि आमची उत्तरं तारखेप्रमाणे होती. प्रत्येक पानाला क्रमांक घालायचा असतो, तो बरेच महिने घातलेला नव्हता. क्रमांक नसलेलं पान काढून घेतलं तर कुणाला कळत नाही. मी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून क्रमांक घालत गेले. माझ्या पत्राला अकरा आला. बाबांबद्दलच्या माझ्या अर्जाला तेवीस. मग टिपणीत लिहिलं, की कॅमेरे या नगरपालिकेच्या मालकीचे असून त्यांची देखभाल व अद्ययावतीकरण ही या नगरपालिकेची जबाबदारी आहे. यापूर्वी पृष्ठ अकरा व त्यापुढील पत्रांद्वारे ती नाकारण्यात आली होती, ते योग्य नव्हते. एवढं लिहिताना मला शौर्य वाटलं नाही की हलकंही वाटलं नाही. नेटकं लिहिलं, एवढंच.

साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं ते पान फाडून नवीन लिहायला सांगतील. त्यांनी सही केली आणि फाइल मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवायला सांगितली. निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. निरोप समारंभात मात्र त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, आई कशी आहे.

सभेत फार वाद झाला नाही. पान अकरा कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. ठराव मंजूर झाला, तरतूद झाली, आणि पुढच्या हिवाळ्यात नवीन कॅमेरे आले. देखभालीचा करार आमच्या खात्याच्या नावाने झाला, आणि त्याचं रजिस्टर माझ्याकडे. दर सोमवारी ठाण्यात जाऊन चारही चित्रं चालू आहेत का ते बघायचं आणि सही करायची.

बसवण्याच्या दिवशी सकाळी मी स्टेशन रोडला होते. कॅमेरा नीट लावण्यासाठी खाली कुणीतरी उभं राहायला हवं होतं. मजूर सगळे कामात होते. शिडीवरचा माणूस म्हणाला, मॅडम, तुम्हीच उभ्या राहा ना जरा. मी जिन्यासमोर जाऊन उभी राहिले. ठाण्यातून हवालदार फोनवर सांगत होते आणि शिडीवरचा माणूस मला ओरडून सांगत होता. दोन पावलं मागे. थोडं डावीकडे. आता वर बघा. मी वर बघितलं. येणारीजाणारी माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती, एकाने तिकिटाची खिडकी कुठे आहे ते विचारलं, मी हाताने दाखवली.

“क्लिअर आहे म्हणतायत,” तो म्हणाला. “कानातलंही दिसतंय.”

मी अजून थोडा वेळ तिथेच उभी राहिले. आता तरी काहीतरी वाटेल, अशी वाट बघत होते. काही वाटलं नाही. मग त्याला शिडी हलवायची होती, म्हणून मी बाजूला झाले.

दुपारी ठाण्यात जाऊन पडदा बघितला. चारही भाग चालू होते. जिन्यावरून उतरणाऱ्या बाईच्या पिशवीतली कोथिंबीर दिसत होती. हवालदार उभे राहून बघत होते. त्यांनी चहा मागवला. मी रजिस्टरवर सही केली.

घरी आले तेव्हा आई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला वस्तीतून कळलं होतं.

“बसवले का?” तिने विचारलं.

“हो.”

“चेहरा दिसतो?”

“दिसतो.”

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. म्हणाली, रविवारी वांगणीला जाऊन येऊ, त्या बाईचा पाय मुरगळलाय असं कळलंय. मी बरं म्हटलं आणि चपला काढून आत गेले.